वीज डोळ्यांना दाखवणारा माणूस : ऑसिलोस्कोपचे नॉब समजून घ्यायचे तर फर्डिनांड ब्राऊन माहिती पाहिजेत

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की किकवीनंतर सारोळे लागतं. पुढे नीरा नदीवरचा पूल. तो ओलांडला की शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा सुरू. भोर-वेल्ह्याच्या या पट्ट्यातली कितीतरी पोरं-पोरी दहावी-बारावी झाली की आयटीआयला, डिप्लोमाला नाहीतर इंजिनिअरिंगला जातात. त्यात इलेक्ट्रॉनिक्स किंवा इलेक्ट्रिकल घेतलं असेल, तर लॅबमध्ये एका मशीनशी गाठ पडतेच पडते.

समोर छोटासा हिरवट पडदा, त्यावर चौकटी आणि शेजारी वीस-पंचवीस नॉब. लॅबमध्ये सगळे त्याला सीआरओ म्हणतात. पूर्ण नाव कॅथोड रे ऑसिलोस्कोप.

पहिल्या दिवशी जवळपास सगळ्यांचं सारखंच होतं. मशीन चालू करायची, पडद्यावर काहीच दिसत नाही. एक नॉब फिरवायचा, काही नाही. दुसरा फिरवायचा, एक रेघ चमकून गायब. मग भराभर पाच-सहा नॉब फिरवायचे आणि शेवटी मशीन बिघडली म्हणून सरांना हाक मारायची. सर येतात, दोन नॉब हलवतात आणि पडद्यावर मस्त लाट उभी राहते.

सरांनी नेमकं काय केलं, हे कळायचं असेल तर सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं. कारण यातले महत्त्वाचे नॉब एका माणसाच्या काचेच्या नळीतून उगवले आहेत. त्या माणसाचं नाव कार्ल फर्डिनांड ब्राऊन.

एक गोष्ट आधीच सांगून टाकू. रॉकेटवाले वेर्नर फॉन ब्राऊन वेगळे. दाढी करायच्या मशीनवर ज्यांचं नाव असतं तेही ब्राऊन वेगळे. आपले ब्राऊन त्या दोघांच्या आधीचे.

शाळामास्तर असताना लागलेला शोध

६ जून १८५० रोजी जर्मनीतल्या फुल्डा गावात त्यांचा जन्म झाला. वडील सरकारी नोकरीत. शिक्षण आधी मारबुर्ग आणि मग बर्लिनला. १८७२ साली, म्हणजे वयाच्या बावीसाव्या वर्षी, त्यांना डॉक्टरेट मिळाली.

पण डॉक्टरेट मिळाली म्हणून लगेच प्राध्यापकी मिळते असं नाही. हे आजही खरं आहे आणि तेव्हाही खरं होतं. १८७४ साली ब्राऊन लाइपझिगच्या थॉमस शाळेत शिक्षक म्हणून लागले. संगीतकार बाख यांच्यामुळे प्रसिद्ध असलेली हीच ती शाळा. तिथे असताना त्यांनी पोरांसाठी गणित आणि विज्ञानाचं एक पुस्तक लिहिलं. ते छापूनही आलं.

शाळेतून वेळ काढून ते प्रयोग करायचे. शिशाचं खनिज असतं ना, गॅलेना, तसल्या काही दगडांमधून ते वीज सोडून बघत होते. त्यांना दिसलं, की या दगडाला बारीक तारेचं टोक टेकवलं तर वीज एका बाजूने सहज जाते आणि उलट्या बाजूने नीट जात नाही. १८७४ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

आज आपण ज्याला डायोड म्हणतो, त्याच्या मुळाशी हेच आहे. पण तेव्हा त्याचा उपयोग काय, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पुढे आपल्याकडे कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी असाच गॅलेनाचा स्फटिक वापरून अदृश्य लहरी पकडल्या आणि त्याचं अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ साली मिळालं. म्हणजे ब्राऊन यांच्या शोधानंतर तब्बल तीस वर्षांनी.

नंतर ब्राऊन यांच्या बदल्या होत राहिल्या. मारबुर्ग, स्ट्रासबुर्ग, कार्ल्सरूह, ट्युबिंगेन. कार्ल्सरूहची जागा त्यांनी सोडली, तेव्हा त्यांच्या जागी आले हाइनरिख हर्ट्झ. रेडिओ लहरी प्रत्यक्ष दाखवून देणारे आणि ज्यांच्या नावाने आपण आज वारंवारता मोजतो तेच हे हर्ट्झ. शेवटी १८९५ साली ब्राऊन स्ट्रासबुर्गच्या भौतिकशास्त्र संस्थेचे संचालक झाले. ते आता पंचेचाळीस वर्षांचे होते.

काट्याला न जमणारं काम

तो काळ असा होता, की युरोपच्या शहरांमध्ये वीज येत होती. त्यातही एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज. आपल्या घरातली वीज आज सेकंदाला ५० वेळा पूर्ण चक्कर मारते. पण ती चक्कर दिसते कशी? गोल, गुळगुळीत चढ-उतार आहे, की मध्येच टोकं आलेली आहेत?

मोजायची साधनं होती, पण त्यात काटा होता. काट्याला वजन असतं. सेकंदाला ५० वेळा इकडून तिकडे जायला सांगितलं, तर तो बिचारा जागेवर थरथरतो आणि सरासरी सांगतो. काट्याऐवजी बारीक आरसा हलवणारी यंत्रंही तेव्हा येऊ लागली होती, पण आरसा म्हटला तरी वजन आलंच.

ब्राऊन यांना वजन नसल्यासारखा काटा पाहिजे होता. तो त्यांना कॅथोड किरणांमध्ये सापडला.

हवा जवळपास पूर्ण काढून टाकलेल्या काचेच्या नळीत हजारो व्होल्टचा दाब दिला, की ऋण टोकाकडून काहीतरी निघतं आणि समोर आदळतं, एवढं तेव्हा माहिती होतं. ते काहीतरी म्हणजे काय, यावर मात्र भांडणं चालू होती. ब्राऊन यांनी बॉनच्या फ्रान्झ म्युलर या काचकाम करणाऱ्या कारागिराकडून एक खास नळी करून घेतली. आत एक बारीक भोक असलेली चकती ठेवली, म्हणजे किरणांची एकच बारीक रेघ पुढे जाईल. समोर अभ्रकाचा पडदा ठेवून त्यावर चमकणारा पदार्थ लावला. किरण आदळला की तिथे ठिपका उजळणार.

नळीच्या बाहेर त्यांनी तारेचं वेटोळं ठेवलं आणि ज्या विजेचा अभ्यास करायचा ती त्यातून सोडली. वीज बदलली की वेटोळ्याचं चुंबकत्व बदलणार, चुंबकत्व बदललं की ठिपका वर-खाली होणार. स्ट्रासबुर्गच्या वीजकेंद्रातून येणारी वीज त्यांनी या नळीवर बघितली.

हे त्यांनी फेब्रुवारी १८९७ मध्ये छापलं. त्यानंतर दोन महिन्यांनी, एप्रिलच्या शेवटी, इंग्लंडमध्ये जे. जे. थॉमसन यांनी हे किरण म्हणजे अणूपेक्षाही लहान कण असल्याचं जाहीर केलं. म्हणजे इलेक्ट्रॉन काय असतो हे जगाला कळायच्या आधीच ब्राऊन यांनी त्याला कामाला लावलं होतं.

आणि या नळीचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. बनवायची कशी हे छापून टाकलं. ज्याला करायची असेल त्याने करावी.

एकेक अडचण आणि तिचा एकेक नॉब

पण ब्राऊन यांची नळी अर्धवट होती. तिच्या एकेक अडचणीवर पुढच्या लोकांनी जे उपाय काढले, तेच आज नॉबच्या रूपात आपल्यासमोर आहेत.

पहिली अडचण ठिपक्याची. तो अंधुक असायचा आणि पसरलेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आर्थर वेनेल्ट यांनी तापवलेला कॅथोड आणला. त्यामुळे कमी दाबातही भरपूर इलेक्ट्रॉन मिळू लागले. त्यांनीच कॅथोडभोवती एक नळकांडं बसवलं. त्यावरचा दाब कमी-जास्त केला, की पुढे जाणाऱ्या इलेक्ट्रॉनची संख्या कमी-जास्त होते. सीआरओवरचा इंटेन्सिटीचा नॉब हेच काम करतो. शेजारचा फोकसचा नॉब त्या इलेक्ट्रॉनना एका बिंदूवर गोळा करतो. म्हणून उजेड वाढवला की फोकस पुन्हा लावावा लागतो. आणि ठिपका एकाच जागी थांबलेला असताना इंटेन्सिटी कधीच पूर्ण वाढवायची नाही. पडद्यावरचा लेप जळतो आणि तो डाग कायमचा राहतो.

दुसरी अडचण आडव्या दिशेची. ब्राऊन यांचा ठिपका फक्त वर-खाली व्हायचा, त्यामुळे पडद्यावर उभी रेघ दिसायची. तिची लाट करायला त्यांनी गोल फिरणारा आरसा वापरला. रेघेकडे थेट न बघता आरशात बघायचं, मग ती आडवी पसरलेली दिसते. १८९९ साली त्यांचे सहायक योनाथन त्सेनेक यांनी आणखी एक वेटोळं लावलं आणि ठिपका एका ठरावीक वेगाने आडवा सरकवला. आरसा गेला. आजचा टाइम पर डिव्हिजनचा नॉब म्हणजे त्सेनेक यांच्या त्या वेटोळ्याचा वारस. एक चौकट आडवी पार करायला ठिपक्याने किती वेळ घ्यायचा, हे तो ठरवतो. व्होल्ट्स पर डिव्हिजनचा नॉब ठरवतो, की एक चौकट उभी चढायला किती व्होल्ट लागतील.

तिसरी अडचण सगळ्यात चिवट होती. लाट पडद्यावर थांबायची नाही, सरकत राहायची. हे समजायला परत सारोळ्याच्या पुलावर या. पुलाच्या कडेला उभं राहून तुम्ही येणाऱ्या प्रत्येक एसटीचा फोटो काढताय. मनाला येईल तेव्हा बटण दाबलं, तर एका फोटोत एसटीचं तोंड, दुसऱ्यात मागचं चाक, तिसऱ्यात नुसता रस्ता. पण ठरवलं, की एसटीचं तोंड अमुक खांबाशी आलं की मगच बटण दाबायचं, तर सगळ्या फोटोंत एसटी एकाच जागी दिसेल. फोटो एकावर एक ठेवले तरी एकच एसटी वाटेल.

ट्रिगर हेच करतो. ट्रिगर लेव्हलचा नॉब म्हणजे तो खांब. लाट चढताना की उतरताना खांबाशी यावी, हे स्लोपचं बटण ठरवतं. ठिपक्याने आपली आडवी धाव नेहमी लाटेच्या त्याच जागेपासून सुरू केली, की चित्र थांबतं. ट्रिगरची ही पद्धत सहज वापरता येईल अशा रूपात बाजारात आणली ती अमेरिकेतल्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीने. हॉवर्ड व्होलम आणि जॅक मरडॉक यांनी ती १९४६ साली सुरू केली आणि १९४७ मध्ये तिचा ५११ नंबरचा ऑसिलोस्कोप आला.

एक छोटा स्क्रू तर थेट ब्राऊन यांच्या प्रयोगाची आठवण करून देतो. त्याला ट्रेस रोटेशन म्हणतात. कधीकधी पडद्यावरची आडवी रेघ जराशी तिरपी दिसते. त्याला कारण पृथ्वीचं चुंबकत्व. ब्राऊन यांनी वेटोळ्याने ठिपका हलवला तसा पृथ्वीही तो जरासा ओढते. मशीनची जागा किंवा दिशा बदलली की रेघ पुन्हा तिरपी होऊ शकते. मग हा स्क्रू बारीक पेचकसाने फिरवून ती चौकटीच्या रेघेवर आणायची.

पेटंट घेतलेल्या कामाने काय केलं

इकडे ब्राऊन यांनी नळी बाजूला ठेवली आणि बिनतारी संदेशाकडे वळले. मार्कोनी यांचं यंत्र चालत होतं, पण लांब अंतरावर दम टाकत होतं. ठिणगी पाडायची ती थेट अँटेनाच्या तारेत, त्यामुळे ताकद वाढवायला मर्यादा यायची. ब्राऊन यांनी ठिणगीचं सर्किट वेगळं काढलं आणि त्यातली ऊर्जा वेटोळ्यातून अँटेनाला दिली. त्यामुळे जास्त ताकद मिळाली, लहरही नीट ठरावीक झाली. १९०० साली जर्मनीच्या कुक्सहाफेन बंदरातून हेल्गोलांड बेटापर्यंत, म्हणजे साधारण ६२ किलोमीटरवर, त्यांच्या पद्धतीने संदेश गेला.

याचं पेटंट मात्र त्यांनी घेतलं होतं. यातून कंपनी झाली आणि १९०३ साली प्रतिस्पर्धी गट एकत्र येऊन टेलिफुंकेन उभी राहिली. १९०९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मार्कोनी आणि ब्राऊन यांना विभागून मिळालं. गंमत म्हणजे मार्कोनी यांचा जन्म १८७४ चा. ज्या वर्षी ब्राऊन यांना दगडातला डायोड सापडला, त्याच वर्षीचा. नोबेल ज्या नळीमुळे आज ब्राऊन ओळखले जातात तिला मिळालं नाही, बिनतारीला मिळालं.

पाच वर्षांनी पहिलं महायुद्ध पेटलं. न्यूयॉर्कजवळ सेव्हिल इथे जर्मन कंपनीचं बिनतारी केंद्र होतं. समुद्राखालच्या तारा तोडल्या गेल्यावर जर्मनीला अमेरिकेशी बोलायला असल्या केंद्रांचाच आधार होता. त्याच्यावर मार्कोनी कंपनीने पेटंटचा खटला भरला. साक्ष द्यायला कोण जाणार? ब्राऊन. वय चौसष्ट, तब्येत बरी नाही, समुद्रात युद्धनौका. तरी १९१४ च्या शेवटी ते निघाले. सोबत तेच त्सेनेक होते.

ते न्यूयॉर्कला पोहोचले. पण आजारपण आणि युद्ध यांत अडकले. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिकाच जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि परतीची वाट बंद झाली. आता ते शत्रू देशाचे नागरिक होते. त्सेनेक यांना स्थानबद्ध केलं गेलं. ब्राऊन आपल्या मुलाच्या घरी ब्रुकलिनमध्ये राहिले. २० एप्रिल १९१८ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. युद्ध थांबायला सात महिनेही उरले नव्हते. ज्या स्ट्रासबुर्गमध्ये त्यांनी नळी बनवली, ते शहर त्या वर्षाअखेर फ्रान्सकडे गेलं. त्यांच्या अस्थी १९२१ साली फुल्डाला पोहोचल्या.

ज्या कामाभोवती पेटंटचं कुंपण होतं, त्याच्या खटल्यासाठी गेलेला हा माणूस परतला नाही. ज्या कामाला कुंपण घातलंच नाही, ते मात्र जगभर गेलं. त्याच नळीचं पुढे टीव्हीचं पिक्चर ट्यूब झालं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि नंतर सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्याच्या आसपास ज्या डबा टीव्हींवर चित्र दिसू लागलं, त्यांच्या आत ब्राऊन यांच्या नळीचीच नात होती. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक या संगणकालाही अशाच नळीचा पडदा होता. जर्मन आणि जपानी भाषेत तर पिक्चर ट्यूबला सरळ ब्राऊन यांची नळी म्हणतात.

मग लॅबमध्ये सर नेमकं काय करतात?

आता परत त्या कोऱ्या पडद्याकडे येऊ. क्रम लक्षात ठेवा, तो ब्राऊन यांच्यापासून जसं घडलं तसाच आहे. आधी ठिपका, मग उंची, मग वेळ, शेवटी ट्रिगर.

इंटेन्सिटी मध्यावर आणा. उभी आणि आडवी, दोन्ही पोझिशन मध्यावर. ट्रिगर ऑटोवर ठेवा, म्हणजे सिग्नल नसला तरी रेघ दिसेल. कपलिंग ग्राउंडवर टाका. आता जी आडवी रेघ येईल, ती तुमची शून्याची रेघ. ती मधल्या चौकटीवर बसवा, फोकस लावा. बहुतेक वेळा मशीन बिघडलेली नसते. कुणीतरी पोझिशनचा नॉब टोकाला नेऊन ठेवलेला असतो आणि रेघ पडद्याबाहेर गेलेली असते.

मग प्रोब मशीनच्याच कॅलिब्रेशनच्या टोकाला लावा. तिथे साधारण एक किलोहर्ट्झची चौकोनी लाट मिळते. तिचे कोपरे गोल किंवा टोकदार दिसले, तर दहापट कमी करणाऱ्या प्रोबवरचा छोटा स्क्रू फिरवून ते सरळ करा. हे न करता घेतलेली मापं चुकू शकतात.

व्होल्ट आणि टाइमच्या नॉबवर बहुतेक मशीनमध्ये आणखी एक छोटा नॉब असतो. तो कॅलच्या खुणेवर नसेल, तर चौकटी मोजून काढलेलं उत्तर चूक येणार. व्हायव्हात इथेच विकेट पडते.

आता सहा व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरची लाट बघा. कपलिंग एसीवर, व्होल्ट्स पर डिव्हिजन ५ वर, टाइम ५ मिलिसेकंदावर. सहा व्होल्ट ही आरएमएस किंमत असते, त्यामुळे वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत साधारण १७ व्होल्ट, म्हणजे तीन चौकटींहून थोडं जास्त दिसेल. एक पूर्ण लाट चार चौकटी घेईल. चार गुणिले पाच, वीस मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला ५०. लाट पळत असेल तर ट्रिगर लेव्हल हळूहळू फिरवा, ती थांबेल.

एक गोष्ट मात्र कधीही करायची नाही. प्रोबचा ग्राउंडचा चिमटा थेट घरच्या प्लगमधल्या विजेला लावायचा नाही. तो चिमटा मशीनच्या अर्थिंगला जोडलेला असतो. फेजला लागला तर मोठा शॉर्ट होतो आणि जिवावरही बेततं.

तुमच्या पडद्यावर चार चौकटींची ती गुळगुळीत लाट आली, की समजा, १८९७ साली स्ट्रासबुर्गमध्ये ब्राऊन जे बघत होते तेच तुम्ही बघताय. त्यांना त्यासाठी आरसा फिरवावा लागला होता. तुम्हाला फक्त एक नॉब फिरवायचाय.